आईनं निवडलेली पूर्ण दिवसाची टूर

गेल्या शनिवारी आईला घेऊन लोवेलला जाऊन आलो. इथे परदेशात आम्ही राहतो त्या श्रूजबरीहून फार लांब नाही. कालव्यांचं जुनं शहर आहे... त्या कालव्यांच्या पाण्यावर तिथे एके काळी कापडगिरण्या चालायच्या.

पण गोष्ट सुरू होते ती टूर निवडण्यापासून.

बाबा फेब्रुवारीत गेले. दिवसकार्य आटोपलं, मिरजेचं घर बंद केलं आणि मी आईला इकडे घेऊन आले. ती तिथेही रडली नव्हती, भेटायला येणाऱ्यांच्या चहापाण्यातच होती. इथे आल्यावरही डोळ्यांतून टिपूस नाही.

मी तिला कशालाही हात लावू दिला नाही. आई, तू बस. आई, राहू दे, मी करते. भांड्यांना मशीन, कपड्यांना मशीन... ती आपली सोफ्यावर मांडीवर हात ठेवून बसून राहायची. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला चल म्हटलं तर म्हणाली, "वर्ष व्हायचंय गं अजून." जेवण तर चिमणीएवढं. मला भीती वाटायला लागली होती. एकदा नवऱ्याला म्हटलंही, "मंदार, आई आतल्या आत संपत चाललीय रे."

म्हणून लोवेल. म्हटलं, तिथे ओळखीचं कोणी भेटणार नाही, 'कशानं गेले हो?' असं कोणी विचारणार नाही. या मुद्द्यावर मात्र ती यायला तयार झाली.

मग माझं रिसर्च सुरू झालं. माझं रिसर्च कसं असतं ते माझ्या मैत्रिणींना विचारा! शेवटी दोन टूर उरल्या. एक दोन तासांची, नुसती बोटीची, बसल्या बसल्या कालवे बघायचे. दुसरी फुल डे गाईडेड... बोट, गिरणीचं म्युझियम, लंच, मग ट्रामसारख्या ट्रॉलीतून गावभर, पार संध्याकाळपर्यंत. एका रिव्ह्यूमध्ये लिहिलं होतं की चालणं खूप आहे आणि गिरणीतला आवाज सहन होत नाही. झालं, ती बाद! आईचे गुडघे, आईचं बीपी. छोटी बुक करायची ठरवली आणि आपलं सांगायचं म्हणून आईला सांगितलं.

ती म्हणाली, "मोठी घे."

"अगं, गुडघ्यांचं काय?"

"दुखू देत. लवकर घरी येऊन करायचंय काय?"

मला रागच आला, खोटं कशाला बोलू. एवढी हातावर झेलतेय हिला आणि हिला घर नकोसं झालंय! चांगली फणफणले. मंदार हळूच म्हणाला, "यार, आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागितलंय त्यांनी. घे ना गुपचूप." घेतली.

शनिवारी आई पंजाबी ड्रेस आणि स्पोर्ट्स शूज घालून सगळ्यांच्या आधी तयार. बोटीत मात्र गप्प. कालव्याच्या दोन दारांमधल्या लॉकमध्ये पाणी भरून बोट हळूहळू वर यायला लागली तेव्हा माझी लेक सई ओरडली, "आजी, लुक! वी आर गोइंग अप!" आईनं नुसती मान हलवली. मला वाटलं, हाही दिवस असाच जाणार.

मग गिरणी. मागांचा मोठा हॉल, रांगेनं माग चालू. दारातच कानात घालायचे बोळे देतात, आईनं घेतले नाहीत. आत पायाखालची जमीन थरथरत होती आणि शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. मंदार आणि सई गाईडबरोबर पुढे गेले. मी मागे वळून पाहिलं तर आई एका खांबाला धरून उभी होती आणि तिचं तोंड उघडं होतं. मला वाटलं, काहीतरी सांगतेय.

ती रडत होती. ओढणी तोंडाशी धरून नव्हे... तोंड उघडून, मोठमोठ्यानं, लहान पोर रडतं तशी.

आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी धावत गेले, तिला मिठी मारली, तेव्हा तिचं रडणं मला माझ्या खांद्यावर कळलं. मग मीही रडले. बाबा गेल्यावर मी तरी कुठे धड रडले होते... तिकिटं आणि कागदपत्रांतच होते. गाईडनं एकदा आमच्याकडे बघितलं आणि सगळ्या ग्रुपला शांतपणे पुढच्या हॉलमध्ये नेलं. देव तिचं भलं करो.

नंतर बाहेर कालव्याकाठी बाकावर बसलो. आईनं बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं. मी विचारलं, "घरी का नाही गं रडलीस? मी होते ना?"

"जावयाच्या घरात कसं रडायचं?" ती म्हणाली. "आणि तुमच्या त्या लाकडी भिंती. सई शिंकली तरी मला माझ्या खोलीत ऐकू येतं. पोर घाबरली असती."

मग तीच म्हणाली, "चल, जेवायला कुठे नेतायत बघ. भूक लागलीय मला." अख्खं सँडविच संपवलं तिनं, वर माझे अर्धे चिप्स.

मंदारला मी हे रात्री सांगितलं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो सईला घेऊन निघाला आणि दारातून म्हणाला, "आई, आम्ही दोघं दिवेलागणीपर्यंत येत नाही." बास, एवढंच. त्या दुपारी आई आणि मी बाबांबद्दल पोटभर बोललो, पोटभर रडलो. मंदार, तू हे वाचशीलच... थँक यू रे.

आईला मी मऊ गादी दिली, वेळेवर औषधं दिली, हवा तेवढा आराम दिला. मोठ्यानं रडायला जागा हवी, हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्याकडेही कोणाची आई आली असेल, तर तिला एखादी दुपार घर रिकामं करून द्या.