फ्लेमिंगो उडवणारी होडी

रविवारी सकाळी थोरल्या भावाचा फोन आला की मी आधी घसा साफ करून घेते. दादा खाडीत मासेमारी करतो आणि फ्लेमिंगो आले की सुट्टीच्या दिवशी लोकांना होडीतून ते दाखवायला नेतो. मी करंजाड्याहून जाते ती माहिती सांगायला. खरं तर ओरडायला. उभे राहू नका, वेफर्सची पाकिटं पाण्यात टाकू नका, मोबाइलवर गाणी लावू नका. वहिनी मला हेडमास्तरीण म्हणते, तेही तोंडावर.

बोयी मासे धरताना आमच्याकडे जाळं लावून झालं की होडीच्या फळीवर काठी आपटतात. आवाजाने मासे बिथरतात आणि जाळ्याकडे पळतात. वडील तसंच करत, दादाही तेच करतो. गेल्या हिवाळ्यात एकदा पाहुणे कंटाळले. चिखलात मान घालून चरणारे पक्षी बघून बघून किती बघणार? दादाचा हात आपसूक काठीकडे गेला. धाड, धाड! अख्खा थवा उठला, पंखांतला लाल-काळा रंग आभाळभर झाला आणि होडीत टाळ्या पडल्या. जन्मभर मासे धरले, पण दादासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती. तो असा काही लाजला की मला रागावताही येईना.

व्हिडिओ फिरला. मग उलव्यातून, सुकापुरातून फोन सुरू झाले, "पक्षी उडवून दाखवता ती होडी तुमचीच ना?" दर रविवारी काठी वाजू लागली आणि माझी झोप उडाली. लांबून आलेले जीव, परतीच्या वाटेसाठी त्यांना इथेच खाऊन घ्यायचं असतं. घास घेतला की उठवायचं, तर खाणार कधी? हे मी दादाला समजावलं, चिडून सांगितलं, अबोला धरूनही पाहिला. अबोला मला दोन दिवसांवर झेपत नाही.

"मासं नाय काय हाकलत आमी?" तो म्हणायचा.

"मासे जाळ्यात जातात. हे कुठे जाणार?"

"पल्याड जातील. तिकरं चिखल काय कमी हाय?"

परवाच्या रविवारी त्याने काठी वाजवली आणि पक्षी नेहमीसारखे पलीकडे गेले. तिथे आता भराव पडत होता. डंपर मागे सरकत माती ओतत होते. थवा वळला, आमच्या डोक्यावर आला, खाली उतरू लागला, होडी बघून पुन्हा वर गेला. परत पलीकडे, परत इकडे. होडीतले लोक खूश. "किती वेळ उडतायत बघ ना!" मला बसवेना, उठवेना. मी दादाकडे बघितलं. तो मान वर करून थव्याबरोबर नजर फिरवत होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. विमानतळासाठी जागा गेली आणि आमचं घर उठलं, तेव्हा बायकापोरं आणि भांडीकुंडी घेऊन तो एका भाड्याच्या खोलीतून दुसरीत हिंडला होता. त्या दिवसांतला त्याचा चेहरा मला पाठ आहे.

"दादा, अजून एकदा होऊन जाऊ दे!" मागून कुणीतरी ओरडलं.

दादाने काठी फळीखाली सरकवली. होडी वल्ह्याने लांब नेली, तिवरांच्या कडेला लावली आणि तो पाठ फिरवून बसला. बऱ्याच वेळाने पक्षी एक-एक करत जुन्याच चिखलावर उतरले. लोकांची कुरकुर सुरू झाली. एवढ्या लांबून आलो, व्हिडिओत तर उडत होते, ही फसवणूक आहे. माझा तोल गेला. मी उभी राहिले आणि खाडी दणाणेल अशा आवाजात त्यांना झापायला लागले.

दादाने माझा हात धरून मला खाली ओढलं.

"ए बाय, तू पन गप बस," तो हळूच म्हणाला. "जेवतायत ते."