सारंगीवरचा डावा हात

अकोल्याच्या कापूस बाजारात एके काळी निम्म्या पाट्या महादेव पेंटरच्या हातच्या होत्या. घर बाळापूरकडचं, माळ्याचं. भाऊ वांगी-मिरची लावत राहिले, हा अक्षरांकडे वळला. सरळ रेघेसाठी त्यानं कधी दोरी धरली नाही. पन्नाशीत मात्र डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. उन्हात उभं राहिलं की पाटी, भिंत, माणूस, सगळं पांढरं होऊन जायचं. १९३६च्या चैत्रात सरकी काढायच्या एका जिनाच्या फाटकावरचं नाव इतकं तिरपं उतरलं, की मालकानं ते त्याच्या देखत पुसून घेतलं. मग त्याला कोणी बोलावलं नाही.

त्याच उन्हाळ्यात तो रामराव कलालाच्या दारूच्या दुकानात पाणी मागायला शिरला. तरटाच्या ओल्या पडद्यांमुळे दुकान भर दुपारी काळोखं. पिपाजवळ एक चिमणी जळत होती. फिरत्या गाण्याच्या मंडळीतली मैनाबाई गात होती, शेजारी म्हातारे अजीमखाँ सारंगी वाजवत होते. आणि महादेवला दिसलं. कित्येक महिन्यांनी वस्तूंना कडा आल्या होत्या: तिच्या गालाला, सारंगीच्या गजाला, खाँसाहेबांच्या दाढीला. उजेड त्याला आंधळं करत होता. अंधारानं डोळे परत दिले.

दुसऱ्या दिवशी घासलेटच्या डब्याचा पत्रा उलगडून घेऊन तो निघाला, तेव्हा बायको माणिकबाई दारातून ओरडली, “डोये गेले म्हंता, अन् पाय बराबर कलालाच्या दुकानात जातेत!”

“तिथं मले दिसते.”

“हो, पेल्यावर सगळ्याईलेच दिसते. एकाचे दोन दिसतेत!”

तो पीत नव्हता. कोपऱ्यात बसून रंगवत होता. जन्मभर त्यानं आधी पांढऱ्या रंगाचा हात दिला आणि वर अक्षरं काढली. इथं त्यानं पत्रा आधी काळा केला, आणि चिमणीचा उजेड जिथं पोचत होता तेवढंच त्या काळ्यातून बाहेर काढलं. रंग ओळखू येत नसत, म्हणून करवंट्या ठरलेल्या क्रमानं मांडलेल्या असत.

“खाँसाहेब, हात जरा थांबवा नं.”

“थम गया तो बजाएगा कौन, पेंटरसाहब?”

आठवड्यानं मैनाबाईचा चेहरा जमला. ती पत्र्याकडे पाहून म्हणाली, “बाप्पा, मी एवढी थकली का?” पण पत्रा परत दिला नाही, बराच वेळ. खाँसाहेबांनी मात्र स्वतःचा हात पाहिला आणि खो खो हसले.

“हे काय, पेंटर? बोटाच्या टोकानं वाजवून राह्यलो का मी? पेटी हाय का ही?”

त्यांनी डावा हात चिमणीजवळ धरला. सारंगीची तार नखाच्या मुळाशी दाबतात. तिथं काळे घट्टे पडले होते. महादेव खाली पाहू लागला. डोळे त्याला परत मिळाले होते, आणि त्यानं ते वापरलेच नव्हते. पाटीवरच्या अक्षरासारखा ठरलेला हात काढला होता.

पुढच्या सोमवारी मंडळी परतवाड्याला जाणार होती. तेवढ्या दिवसांत हा एक हात उतरला नाही, तर जिनाच्या मालकानं पुसलं ते योग्यच होतं, असं महादेवनं स्वतःशी मान्य करून टाकलं. रोज तो हात काढी, रोज त्यावर काळं फासून पुन्हा सुरू करी. रामराव म्हणे, “पेंटर, पिणाऱ्याले तरी घरची आठवण येते, तुले तेही नाई.”

सोमवारी सामान बांधलं गेलं. अजीमखाँनी पत्रा मांडीवर घेतला. मग सारंगीची खोळ सोडली, चित्रातल्या बोटाकडे पाहत आपलं बोट तारेवर नेमकं तिथंच टेकवलं आणि गज ओढला. दुकानभर एक सूर पसरला.

“पंचम,” ते हळूच म्हणाले. “पेंटरनं पंचम काढला.”

मैनाबाईनं मान हलवली. “सूर उतरला हाय, खाँसाहेब. केसभर.”

खाँसाहेबांनी पुन्हा गज ओढला. खरंच उतरला होता. सगळ्यांनी महादेवकडे पाहिलं.

“तो हात कालचा हाय,” महादेव म्हणाला. “काल तुमचाच उतरला व्हता.”

रामराव हसायला लागला, पण अजीमखाँ हसले नाहीत. त्यांनी सारंगी बाजूला ठेवली.

“उतरला व्हता,” ते म्हणाले. “मले वाटलं, कोणाच्या ध्यानात नाई आलं.”