देवचाराचा चुकलेला रोट आणि माझी आई

सर्व वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पूर्वी ठेवत नव्हतो, पुढंही ठेवणार नाही... मधल्या एका संध्याकाळचं तेवढं विचारू नका. विचारलंतच — तर ऐका.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. डिचोली तालुक्यात, आमोण्याला, मांडवीच्या काठी आमची पावाची भट्टी. वडील गेल्यावर आई ती चालवायची. गाव तिला आनामाय म्हणे. आम्ही ख्रिस्तांव; पण नदीच्या बांधावरचा देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, त्याला शेतकरी दरवर्षी जो मोठा रोट ठेवत, तो आमच्याच भट्टीतून जाई. जुनी रीत!

त्या पावसात भट्टी खचली. रोट चुकला. आणि पुनवेच्या भरतीला मानशीत — नदी आणि शेतं यांमधल्या लाकडी दरवाजात — एक ओंडका आडवा अडकला. दार मिटेना. खारं पाणी गावाच्या भातात शिरू लागलं.

तिन्हीसांजेला सगळा गाव मानशीसमोरच्या वडाखाली जमला. कोंकणी की मराठी यावरून महिनोन्‌महिने भांडलेली माणसं त्या दिवशी दोन्ही भाषांत गप्प!

"रोट चुकलो, देवचार कोपलो," शेतकऱ्यांतले वडीलधारे राघोबाकाका म्हणाले. "आता मानशीकडे जायत तो परत येवचो ना." वर आईकडे बघून, "दुसरो पोदेर हाडूंक जाय गावात!" म्हणजे, गावात दुसरा पाववाला आणा!

आई उठली. "रोट माझ्यामुळं चुकला ना? मग मीच जाते. भिऊन बसायला देवानं हे हात दिलेत काय? पुता, दोर घे."

मी घेतला. देवचारापेक्षा मला आईची भीती जास्त.

बांधावर तिनं कपाळाला, छातीला बोटं लावून खुरीस काढला, क्रुसाची खूण केली. मी म्हटलं, "आई, प्रार्थना मोठ्यानं म्हण, त्याला ऐकू जाऊ दे!"

"ज्याला ऐकायचं, त्याला हळूही ऐकू जातं."

ओंडक्याला दोर बांधून आम्ही शेताच्या बाजूनं ओढला. ढिम्म! आईनं 'आमच्या बापा' सुरू केलं. तिच्या 'आमेन'ला दोर हातातून सरकला... उलटा! नदीकडे, आत येणाऱ्या भरतीच्या विरुद्ध. तळवे सोलवटले. ओंडका दोरासकट बाहेर गेला आणि दार धाडकन मिटलं. पलीकडे ना होडी, ना माणूस. नुसती भरलेली नदी.

भोवरा असेल, असं शिकलेले लोक सांगतात. असेल. भोवरा 'आमेन'साठी थांबतो का, ते त्यांनाही सांगता येत नाही. मलाही नाही.

वडाखाली एकच गलका: "देवचारच तो!"

"पाठवणारा कोण, ते मला ठाऊक आहे," आई पदर पिळत म्हणाली. "आलेला कोण, ते तुम्ही ठरवा."

तिच्या मागं मी छाती काढून उभा... जणू ओंडका मीच खेचला होता! राघोबाकाकांनी एकदा मिटलेल्या दाराकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि सगळ्या गावादेखत त्यांच्या तोंडून निघून गेलं —

"आनामाय, फुडल्या वर्सा भट्टी मोडली तरी चलता गो, पूण तू ह्या गावातल्यान हालूं नाका!"