पुठ्ठ्याचा तंबाखूमळा

शुक्रवारी, मस्कतच्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सावरून दार्सैतला घरी आले, लेकीचं शाळेचं प्रोजेक्ट बघितलं आणि डोकंच फिरलं. विषय होता वसाहतींच्या काळातल्या अमेरिकेतला तंबाखूचा मळा. हिने पुठ्ठ्यावर उभी केली होती आमची वसईची वाडी. विहीर, दारापुढे क्रूस, आणि ओट्यावर मालक नि गुलाम एकत्र जेवायला बसलेले.

वाडीत माझा बाप स्वतः पाणी शिंपायचा. त्याच्या पानवेलींवर मी शिकले, घरातली पहिली ग्रॅज्युएट. म्हणून झोंबलं. तिला सांगितलं, तिथे माणसं विकत आणलेली असायची, त्यांना झालेलं मूलही मालकाच्याच मालकीचं. ओटा काढ, झोपड्या लांब ने.

तिने ओटा उपटला. झोपडीला गोंद लावताना म्हणाली, मळ्याबाहेर जायला त्यांना मालकाची चिठ्ठी लागायची, पुस्तकात लिहिलंय.

"मम्मी, चिठ्ठी मागताना रीझन सांगायला लागायचं?"

लागत असेल, म्हटलं, आणि चहा ठेवायला उठले. चहा नको होता.

कुरुमच्या आमच्या ऑफिसात सगळ्यांचे पासपोर्ट माझ्या कपाटात असतात. कायद्याने ठेवू नयेत, हे मला ठाऊक आहे. अर्बाबने, म्हणजे आमच्या ओमानी मालकाने सांगितलं, मी ठेवले. सांभाळायला, असं आम्ही म्हणतो. गुरुवारी ड्रायव्हर चाचा, रायगडचे, माझ्या बापाच्या वयाचे, स्वतःचा मागायला आले. मी कारण विचारलं. ते हसले.

"कारण कशाला, मॅडम? माझाच हाय ना?"

अर्बाब रविवारी येतील, तेव्हा बघू, इन्शाल्ला, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं होतं.

चाचा गुलाम नाहीत. पगार घेतात, सुट्टीला गावी जातात, त्यांना कुणी विकलेलं नाही. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून हे मी स्वतःला ऐकवत राहिले. चहा उतू गेला. शनिवारीही एका जागी बसवेना. धुतलेले कपडे परत धुतले.

रविवारी अर्बाब यायच्या आत कपाट उघडलं आणि चाचांना बोलावून पासपोर्ट हातात दिला. नोकरी गेली तर लेकीच्या शाळेचं काय, हे डोक्यात होतंच. चाचांनी तो खिशात घातला, वर बटण लावलं. बाकीच्या पासपोर्टांच्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "आणि तुमचा, मॅडम?"

माझा त्याच गठ्ठ्यात होता. चावी माझ्याकडे, म्हणून तोही माझ्याकडेच आहे, असं मी धरून चालले होते.

खाली अर्बाबची गाडी लागली. मी कपाट बंद केलं नाही.