विद्याच्या वर्गात आभार नव्हते

गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी चार वाजता, इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये विद्याची शोकसभा झाली. माणसं साठच्या आसपास होती. तिच्या नावाने तिथल्या तिथे दोन हजार एकशे चाळीस डॉलर जमले. पुढच्या रांगेत तिचा नवरा प्रसाद, त्याच्या शेजारी मी आणि माझी मुलगी इरा. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष नितीनराव माइक घेऊन म्हणाले, "गावाकडच्या गरीब मुलांच्या हातात टॅब्लेट देणं हे विद्याताईंचं स्वप्न होतं. या पैशांतून आणखी टॅब्लेट पाठवू, प्रत्येकावर त्यांचं नाव घालू." टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! इरा माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाबा, दॅट्स अ लाय." प्रसाद खाली बघत बसला होता. मी उठून जे बोललो ते प्रसंगाला शोभणारं नव्हतं, असं मला नंतर तिघांनी सांगितलं. म्हणून तेच आता नीट लिहितो.

विद्या आमची शेजारीण. मूळची सोलापूरची, नोकरीने नेटवर्क इंजिनिअर. रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांचा वर्ग घ्यायची. इथेच जन्मलेली मुलं ती; मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. "त्यांना मराठी येत नाही असं नाही," विद्या म्हणायची, "मराठीत बोलावं असं कुणी भेटतच नाही त्यांना." मग तिने आपल्या मावसभावाला गाठलं. तो सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात शिक्षक आहे. त्याचा आठवीचा वर्ग आणि हिचा वर्ग तिने व्हिडिओवर जोडले. इथली सकाळ, तिथली संध्याकाळ. विषय एकच, आपल्या घरातली यंत्रं आणि आपण. आधी स्वतःच्या घरातलं काहीतरी दाखवायचं, मगच समोरच्याला विचारायचं. दोन्हीकडून प्रश्न सारखे. एखाद्या बाजूचा एक जास्त झाला की ती दुसऱ्या बाजूला एक मिळवून द्यायची. हिशेबाची ही शिस्त मला फार आवडायची.

मी मागे बसून ऐकायचो. आरती नावाच्या मुलीने एकदा शेतातल्या विहिरीवरची मोटर दाखवली. घरी बसून मोबाईलवरून फोन लावला की ती सुरू होते. इराला खरंच वाटेना. "वेट, मोटरला फोन करतात? अँड ती उचलते?" आरती म्हणाली, "उचलते की. तुझ्या पप्पांपेक्षा लवकर उचलत असंल." सगळे माझ्याकडे वळून हसले. मग इराने आमच्या स्वयंपाकघरातला बोलणारा स्पीकर दाखवला. आरतीने बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "ते डबडं दिवसभर ऐकत बसतंय, मग तुझ्या आईला कुणाची चहाडी करायची झाली तर ती कुठं जाती?" इरा म्हणाली, "गॅरेजमध्ये." आमच्या घरातलं हे मलाच ठाऊक नव्हतं! घरी आल्यावर इराने तो स्पीकर बंद करायला लावला. महागड्या शाळेतल्या कुठल्याही तासाने हे केलं नव्हतं.

ही बातमी मंडळात पोचली आणि मंडळ जे नेहमी करतं तेच त्याने केलं. मदत. विद्याला न विचारता चाळीस टॅब्लेट गेले, मागच्या बाजूला मंडळाचं चिन्ह चिकटवून. गावात मांडव उभा राहिला, फलक लागला. पुढच्या रविवारी पडद्यावर मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी होती. आरतीने कागद उलगडून वाचलं, "आम्ही आपले ऋणी आहोत..." विद्या म्हणाली, "अगं, प्रश्न काय आणलास?" आरतीने सरांकडे, म्हणजे विद्याच्या मावसभावाकडे पाहिलं. सर म्हणाले, "ताई, आता देणाऱ्यांना उलटसुलट विचारणं बरं दिसत नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलंय." त्यानंतरचे सगळे रविवार तसेच गेले. आमची मुलं "यू आर वेलकम" म्हणायला शिकली. मराठी बोलायचं कारण संपलं.

विद्या मंडळाच्या बैठकीत जाऊन भांडली. मी तिथे होतो. "मी या पोरांना मित्र मिळवून दिले होते, नितीनराव. तुम्ही त्यांना मालक करून टाकलंत." नितीनराव हसत म्हणाले, "अहो ताई, टॅब्लेट मिळाले हे वाईट झालं का?" वाईट नाही झालं. शाळेला ते हवेही असतील. पण शाळेला काय हवंय हे विचारायचं ज्यांच्या मनात येत नाही, त्यांना नंतर आभार मात्र मोठ्याने ऐकायचे असतात. वर्ग बंद पडला. विद्याने तो परत सुरू करायची खटपट चालू ठेवली, आणि एका मंगळवारी ऑफिसमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेली. एक्कावन्नाव्या वर्षी. माझा राग मृत्यूवरही आहे, पण त्याच्याशी बैठकीत भांडता येत नाही.

शोकसभेत मी बोलून बसल्यावर प्रसाद उठला. एवढंच म्हणाला, "ज्याचे त्याला परत करा." नितीनराव म्हणाले, असं करता येत नाही. मंडळाचे हिशेब मी तपासतो. करता येतं, हे मी त्यांना सांगितलं. दहा दिवसांत रक्कम देणाऱ्यांकडे परत गेली. फक्त दोघांनी पैसे घेतले नाहीत. ते प्रसादने शोकसभेच्या चहा-नाश्त्याच्या बिलात घातले. विद्याच्या नावाने गावाला एक सेंटही गेला नाही, आणि मला त्याचं समाधान आहे.

मग प्रसादने मावसभावाला फोन केला आणि परवाच्या रविवारी वर्ग भरला. तिच्या खुर्चीवर मी बसलो. सरांनी विद्याताईंच्या उपकारांबद्दल बोलायला सुरुवात केली तशी इरा मधेच म्हणाली, मोडक्या मराठीत, पण मराठीत, "सर, आभार नको. तुमचे प्रश्न खूप राहिलेत. तुम्ही विचारा."

मुलं सरांकडे बघू लागली. विद्या अशा वेळी गप्प राहायची. कितीही अवघड वाटलं तरी मुलांच्या शांततेत स्वतःचं वाक्य घालायची नाही. मीही ओठ मिटून बसलो. शेवटी आरती उभी राहिली.

"आम्ही रांगेत उभं राहून आभार वाचायचो, तवा तुम्हाला कसं वाटायचं?"

"घाण," इरा म्हणाली.

"मग तवाच का नाही बोललात?"

सरांचा हात आवाज बंद करायला पुढे आला. आरतीने तो बाजूला केला. "थांबा ना सर. तिला उत्तर देऊ द्या."