लक्ष्मी बघायला आलेले साहेब

गेल्या आठवड्यात ते गेले. एका मोठ्या कलासंग्रहालयाचे संचालक म्हणून त्यांनी काय काय उभं केलं, ते वर्तमानपत्रांत आलं आहे. मला आठवतात ते सत्तरच्या दशकातले, नुकतेच नोकरीला लागलेले, जुन्या मूर्तींसाठी मुळशीत हिंडणारे.

मी तेव्हा मॅट्रिक झाले होते. मला पुण्याच्या कॉलेजात जायचं होतं. वडिलांना त्याआधी माझं लग्न उरकायचं होतं. अशात पौडहून एसटीच्या कंडक्टरने निरोप आणला, "पुण्याचे साहेब रविवारी तुमच्या घरची लक्ष्मी बघायला येतायत. पसंत पडली तर घेऊन जातील."

रविवारी कोळवणला आमच्या दारात जीप थांबली. नेसवलेल्या साडीत अवघडून मी पोह्यांची बशी पुढे केली. साहेबांनी वर न बघताच ती घेतली. त्यांचं लक्ष वहीत.

"वय काय असेल?"

"सतरा सरलं," वडील म्हणाले.

"सतरावं शतक? नक्की?"

वडील गोंधळले. "नाकीडोळी नीटस हाय, साहेब."

"हातपाय शाबूत आहेत ना?"

"आवो, भाताच्या लावणीला बाप्यांना आयकत न्हाई ती!"

आता साहेबांनी वर पाहिलं. साडी पाहिली, बशी पाहिली, आणि कानापर्यंत लाल झाले. "काका, मी देवघरातली पितळी लक्ष्मी बघायला आलोय. हातात दिवा धरलेली."

आतून आई म्हणाली, "तरी मी म्हनत हुते, संगं ना आई ना मामा, असा एकटाच कसा पोरगी बघाया आला!"

पूजेतली मूर्ती काही आईने दिली नाही. साहेब तिचं चित्र वहीत काढून निघून गेले. मी साडीचा पदर सोडून मोकळा श्वास घेतला.

जीप पाहून दारात चारचौघं जमले होतेच. शेजारच्या काकांनी विचारलं, "काय दादा, जमलं का?"

वडिलांना आपलं हसं करून घ्यायचं नव्हतं. "कशाचं? साहेब पोरीच्या कालिजाचं सांगाया आलतं."

"मग धाडतुया व्हय तिला?"

"धाडतुया की!"

चारचौघांत बोलून गेले. मग मागे फिरता येईना. जूनमध्ये मी पुण्याला गेले.

ते संचालक झाल्यावर, ऐंशीच्या दशकात, मी शाळेतली मुलं घेऊन त्यांच्या संग्रहालयात गेले तेव्हा त्यांना हे सगळं सांगितलं. ते ओशाळून म्हणाले, "बाई, खरं सांगू? मी तुमच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं."

"म्हणून तर सुटले, साहेब," मी म्हणाले.