चंद्रमौलीचा काळोख

कुंभकोणममध्ये फोटो काढणारे पुष्कळ आहेत आणि चंद्रमौलीच्या मते त्यांतल्या एकालाही फोटो काढता येत नाही. लग्नात ड्रोन सोडणारे म्हणजे पतंग उडवणारी मंडळी. बारशाचे फोटो काढणारे म्हणजे फुगेवाले. आणि मैफलीत पहिल्या रांगेत बसून मोबाइल उंच धरणारे जे रसिक, त्यांच्याबद्दल तो बोलतसुद्धा नाही. नाकातून नुसता एक आवाज काढतो. त्या आवाजाला घाबरून एका निवृत्त बँक मॅनेजरने चालू मैफलीत मोबाइल खिशात घातला होता, हे तो आजही सांगतो.

घरात चार पिढ्या कापडाचा धंदा. दुकानातून आल्यावर विठ्ठलाची आरती, आरतीनंतर जेवण, घरात मराठी आणि उंबरठा ओलांडला की तमिळ. थोरल्या भावाने दुकान सांभाळलं. चंद्रमौलीने भांड्यांच्या दुकानावरची माडी धरली, तिथे मोठा प्रिंटर बसवला आणि दारावर पाटी लावली : फक्त संगीत. पासपोर्टचा फोटो काढायला आलेल्या माणसाला तो ती पाटी बोटाने दाखवतो. वाचून झाल्याशिवाय बोट खाली घेत नाही.

त्याची रीत अशी. मैफलीला जायचं, स्टेजच्या डाव्या अंगाला जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि तीन तासांत जेमतेम वीस फोटो काढायचे. मग आठ-दहा दिवसांनी दोन पुठ्ठ्यांमध्ये एक मोठा प्रिंट घालून स्कूटरवरून त्या कलावंताच्या दारात हजर. प्रिंट एकच आणि फुकट. ‘ई-मेल करा ना,’ असं कोणी म्हणालं की हा म्हणणार, ‘मग तुम्हीही गाणं ई-मेलच करायचं होतं. मी कशाला आलो असतो डास चावून घ्यायला?’

कलावंत प्रिंट बघतात आणि बहुतेकांचं तोंड उतरतं. व्हायोलिनवाल्याला आणखी गोरं व्हायचं असतं. मृदंगवाल्याला पोट आत हवं असतं. गाणारा म्हणतो, तोंड फार वेडंवाकडं आलंय. ‘गाताना तोंड सरळ राहिलं तर ते गाणं नव्हे, बातम्या,’ असं सांगून चंद्रमौली जिना उतरतो. पण खरं सांगायचं तर त्याचं काम चांगलं होतं. नाक मुरडणाऱ्यांच्या घरीही वर्षभराने तोच प्रिंट चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगलेला दिसायचा. हे चंद्रमौलीला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचा माज त्याला नको तेवढा चढला होता.

माज होता मुख्यतः काळोखाचा. इतरांच्या फोटोत गाणाऱ्याच्या मागे सराफाची जाहिरात येते, पाण्याच्या बाटल्या येतात, प्लास्टिकच्या खुर्चीवर जांभई देणारा खजिनदार येतो. चंद्रमौलीच्या फोटोत मागे काही नाही. नुसता गडद काळोख आणि त्यातून वर आलेला चेहरा. लेन्स पूर्ण उघडी ठेवली की मागचं सगळं विरघळतं, उरलंसुरलं तो कॉम्प्युटरवर बसून पुसून टाकतो. त्याला तो ‘मागचा कचरा’ म्हणतो. नावाजलेल्या गायिका शिवकामी अम्माळचे त्याने एकवीस वर्षं फोटो काढले. मागच्या वर्षी त्या वारल्या तेव्हा चार वर्तमानपत्रांत त्याचाच फोटो छापून आला. चारही कात्रणं भिंतीवर आहेत.

तर एका सोमवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक सत्तरीची बाई येऊन उभी राहिली. वाळकी, उंच, हातात कापडी पिशवी. चंद्रमौलीने मान वर न करता पाटीकडे बोट केलं.

बाईंनी पाटी वाचली आणि मराठीत म्हणाल्या, ‘‘चंद्रा, मी अलमेलु. शिवकामीचे मागें तंबोऱ्यास बसत होतें ती.’’

चंद्रमौलीने आता पाहिलं. ‘‘हो हो, अक्का! या ना,’’ म्हणाला. अनोळखी माणसाला आपण जसं म्हणतो तसंच.

अलमेलु अक्का बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ कामाचं बोलल्या. सरकार म्हाताऱ्या कलावंतांना कार्ड देतं. कार्ड मिळालं तर महिन्याला थोडी मदत आणि औषधपाणी. मरुदानल्लूरमध्ये त्यांची एक खोली होती, त्या पैशावर ती टिकली असती. नाही मिळालं तर होसूरला पुतण्याकडे. पुतण्या चांगला होता, पण त्याच्या घरी अक्कांची गादी हॉलमध्ये टीव्हीखाली पडणार होती आणि टीव्ही बंद होईपर्यंत त्यांनी कुठे बसायचं हे कोणी ठरवलेलं नव्हतं. अर्जाला पुरावा पाहिजे होता : मंचावर वाजवतानाचा फोटो. छापील पत्रिकांवर गाणारीचं, व्हायोलिनचं आणि मृदंगाचं, अशी तीनच नावं. तंबोऱ्याचं नाव कोणी छापतं का? शिवकामी असत्या तर त्यांनी लिहून दिलं असतं. शुक्रवारी शेवटची तारीख होती.

‘‘सरकारला पुरावा पाहिजे म्हणे!’’ चंद्रमौली खवळला. ‘‘त्यांच्या बापाने ऐकलंय का कधी गाणं? अक्का, एक कशाला, पन्नास फोटो देतो. बुधवारी या.’’

‘‘एक पुरे,’’ अक्का म्हणाल्या आणि जिना सांभाळून उतरल्या.

मंगळवारी सकाळी त्याने कॉम्प्युटर उघडला. तिरुवलंचुळीची मैफल : शिवकामी अम्माळ, मागे काळोख. स्वामीमलै : शिवकामी अम्माळ, काळोख, खांद्यामागून वर गेलेल्या तंबोऱ्याच्या तारा. हात कोणाचा ते दिसत नाही. हे झाले तयार प्रिंट, असं म्हणत त्याने मूळ फोटो उघडले. मूळ फोटोंत काळोख नव्हता, अक्का होत्या. पण कशा? चेहऱ्याच्या जागी कणकेचा गोळा. नाक नाही, डोळे नाहीत. एका फोटोत मागचं सगळं स्पष्ट आलं होतं, तर तिथे नेमका टेबलफॅन अक्कांच्या तोंडापुढे.

दुपारपर्यंत त्याने एकशे चाळीस मैफली उपसल्या आणि मग तो अक्कांवरच चिडला. एवढं मागे कशाला बसायचं? गडद लुगडी कशाला नेसायची? मान जरा इकडे वळवली असती तर काय तंबोरा रुसला असता? माणसाचं चुकलं की तो आधी दुसऱ्यावर ओरडतो, आणि चंद्रमौली तर ओरडण्यात तरबेज होता.

मग त्याने वह्या काढल्या. प्रत्येक प्रिंट करण्याआधी तो वहीत काय करायचं ते टिपून ठेवायचा. तारीख, गाव, खाली सूचना. भाषा मराठी, अक्षरं तमिळ, त्यांच्या घरात सगळेच तसं लिहितात. त्याला वाटलं, एखाद्या नोंदीवरून अक्कांचा चांगला फोटो सापडेल. उघडलेल्या पानावर होतं : ‘स्वामीमलै. कपाळ उजळ करणें. मागची बाई काढणें.’ पुढच्या पानावर : ‘मरुदानल्लूर भजनमठ. मागची बाई काढणें.’ त्याच्या पुढे : ‘फुलं तशीच. बाई काढणें.’ ती वही मिटून त्याने बाकीच्याही चाळल्या. सहा वह्या होत्या. एकवीस वर्षांत त्याने त्या बाईचं नाव एकदाही लिहिलं नव्हतं, कारण ते त्याला ठाऊकच नव्हतं.

बुधवारी अक्का आल्या. वह्यांबद्दल चंद्रमौली अवाक्षर बोलला नाही. त्याने दुसरीच शक्कल काढली होती. ‘‘अक्का, तुम्ही आत्ता इथे तंबोरा घेऊन बसा. मी तुमचा फोटो काढतो आणि शिवकामी अम्माळच्या मागे जोडून देतो. ब्रह्मदेवाला ओळखू येणार नाही.’’

हे तोच माणूस बोलत होता, जो फोटोत जोडकाम करणाऱ्यांना भामटे म्हणायचा.

‘‘म्हणजे मी नव्हतेंच, आतां बसविणार?’’ अक्कांनी विचारलं. ‘‘नको रे. जे आहेत ते दाखीव.’’

त्याने दाखवले. अक्का चष्मा लावून पडद्याला नाक टेकवून बसल्या. ‘‘हें माझें कोपर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ही बोटें माझीं. तिरुवलंचुळी, नाहीं? तार तुटली होती त्या दिवशीं, तीन तारांवरच काढलें शेवटपर्यंत. कुणास कळलें नाहीं.’’ अशी त्यांनी अकरा मैफलींतली स्वतःची कोपरं आणि बोटं शोधून काढली. चंद्रमौली प्रत्येक मैफलीत स्टेजच्या कडेला बसला होता. तार तुटलेली त्यालाही कळली नव्हती. त्याने अकरा प्रिंट काढले. असे केविलवाणे प्रिंट त्याच्या मशीनमधून कधी निघाले नव्हते.

शुक्रवारी तो स्वतः अक्कांबरोबर ऑफिसात गेला. बाहेर बाकांवर डोक्यावर कलश धरून करगम नाचणारे, सोंगाडे, तविलचे ढोल वाजवणारे म्हातारे आपापल्या फाइली छातीशी धरून बसले होते. सनईसारखं नागस्वर वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याने चंद्रमौलीला ओळखून नमस्कार केला, त्याच्याही घरी प्रिंट होता. चंद्रमौलीने मानेने नमस्कार घेतला आणि सरकार, खुर्च्या, पंखे यांच्याबद्दल दोन-चार तिखट शब्द सर्वांना ऐकू जातील असे टाकले.

टेबलामागे सतीशकुमार नावाचा तिशीतला कारकून होता. त्याने अकराही प्रिंट पाहिले. उलटसुलट करून पाहिले.

‘‘बाई कुठे आहेत यात?’’ त्याने तमिळमध्ये विचारलं.

चंद्रमौलीने बोट दाखवलं. ‘‘हे कोपर.’’

‘‘कोपराला कार्ड देता येत नाही हो.’’ बाकावर कोणीतरी हसलं. ‘‘फोटो कोणी काढले?’’

‘‘मी.’’

‘‘समोर बसलेली बाई फोटोत कशी आली नाही?’’

चंद्रमौलीने लेन्स म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. सतीशकुमारने हात वर करून त्याला थांबवलं. तो उद्धट नव्हता. असता तर बरं झालं असतं, चंद्रमौलीला त्याच्यावर तुटून पडता आलं असतं. ‘‘सर, माझं मन मानतंय. पण फाइलला काहीतरी लागतं. त्या वेळचं, तारीख घातलेलं, लिहिलेलं. या बाई तिथे होत्या असं सांगणारं काहीही. नसेल तर मला परत करावं लागेल. आज शेवटचा दिवस आहे.’’

अक्कांनी पिशवीचे बंद हातात घेतले, म्हणजे उठायची तयारी केली.

चंद्रमौलीच्या झोळीत सहा वह्या होत्या. त्या त्याने का बरोबर घेतल्या होत्या ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने त्या बाहेर काढल्या आणि टेबलावर ठेवल्या.

सतीशकुमारने पहिली वही उघडली. अक्षरं तमिळ, म्हणून त्याला वाचता आली. भाषा मराठी, म्हणून कळेना. तो मोठ्याने वाचू लागला, अडखळत, आपल्या तमिळ वळणाने. ‘‘पंगुनी महिना. स्वामीमलै. मागची बाई काढणें.’’ पान उलटलं. ‘‘तिरुवलंचुळी. मागची बाई काढणें.’’ पुन्हा उलटलं. ‘‘हेच सारखं लिहिलंय. याचा अर्थ काय?’’

त्या खोलीत याचा अर्थ फक्त दोघांना कळत होता. अक्कांनी चंद्रमौलीकडे पाहिलं नाही. त्या वहीकडे पाहत होत्या.

‘‘मागे बसलेल्या बाईंना फोटोतून काढून टाकणे,’’ चंद्रमौली तमिळमध्ये म्हणाला.

‘‘कोणी?’’

‘‘मी. आणि ती बाई म्हणजे या. प्रत्येक मैफलीला याच होत्या.’’

पंख्याखालचा कागद फडफडत होता. नागस्वरवाला म्हातारा आता दुसरीकडे बघत होता.

‘‘हे चालेल,’’ सतीशकुमार शेवटी म्हणाला. ‘‘तारीख आहे, गाव आहे. पानांच्या झेरॉक्स द्या. आणि खाली लिहून द्या, ही बाई म्हणजे कोण आणि तुम्ही त्यांना का काढलंत.’’

बत्तीस पानं निघाली. एकवीस वर्षांत अलमेलु अक्का मंचावर होत्या याचा जगातला एकमेव लेखी पुरावा म्हणजे त्यांना घालवून देण्याचे हे बत्तीस हुकूम. चंद्रमौलीने कोऱ्या कागदावर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, ते त्याला विचारून घ्यावं लागलं. का काढलं, या प्रश्नापुढे त्याने आधी ‘लेन्स’ एवढंच लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं : ‘फोटो चांगला दिसावा म्हणून.’ खाली सही केली. सतीशकुमारने शिक्का मारला, पोचपावती दिली आणि कार्ड पोस्टाने येईल, काळजी करू नका, असं अक्कांना सांगितलं.

दोघं बाहेर पायऱ्यांवर आली. अक्कांनी पावतीची चार घड्यांची घडी केली आणि पिशवीत अगदी तळाशी ठेवली. मरुदानल्लूरची खोली टिकली होती. चंद्रमौलीला माफी मागायची होती, पण एवढ्या वर्षांत टोमण्यांशिवाय दुसरं बोलण्याची सवय न राहिल्यामुळे ती कशी मागावी हे त्याला कळत नव्हतं.

‘‘अक्का,’’ तो म्हणाला, ‘‘उद्या माडीवर या. तुमचा एकटीचा फोटो काढतो. मोठा प्रिंट. शिवकामी अम्माळचा आहे त्याहून मोठा.’’

अक्का थांबल्या. रागावल्या नव्हत्या, तेच त्याला सोसेना.

‘‘आतां कशाचा काढतोस, चंद्रा?’’ त्या म्हणाल्या. ‘‘वाजवीत होतें तेव्हां समोरच बसला होतास कीं.’’